सौदा मोडला तर घरी काय?



जिल्हा बैठकीची तारीख ठरली की आमच्याकडे एकच विचारणा येते. यंदा कापसाला भाव किती मागायचा? कोणी म्हणतो दहा हजार, कोणी म्हणतो बारा. ज्याचा आकडा मोठा त्याला टाळ्या जास्त. आकड्यावर दोन-दोन तास वाद होतात. समोरचा 'नाही' म्हणाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपण काय करणार, हे मात्र कोणी विचारत नाही. ज्याने विचारावे त्याला भित्रा ठरवले जाते.

आज आम्ही तोच भित्रा प्रश्न विचारणार आहोत. या प्रश्नाचे उत्तर आधी शोधले नाही म्हणून या राज्यातला सगळ्यात मोठा संप मातीत गेला. तो संप शेतकऱ्यांचा नव्हता, मुंबईच्या गिरणी कामगारांचा होता. "संघटित कामगारांशी आपले काय घेणेदेणे?" असे आमच्यातले काही म्हणतील. घेणेदेणे आहे. त्या गिरण्यांत आपल्यासारख्यांच्याच वावरातला कापूस पिंजला जात होता, आणि तो पिंजणारा कोकणातल्या, साताऱ्या-कोल्हापूरच्या तुटपुंज्या जमिनीच्या शेतकऱ्याचा पोरगा होता. पुलगावला आणि हिंगणघाटलाही गिरण्या होत्या. भोंगा बंद पडला की गावाचे काय होते, हे या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको.

रुमालाखालचा हात

आधी बैलबाजारात चला. रुमालाखाली हात जातो, बोटे दाबली जातात, दलाल मान हलवतो. बघणाऱ्याला वाटते, सौदा त्या बोटांवर ठरतो. तुम्हाला-आम्हाला ठाऊक आहे की तो बाजारात येण्याआधीच ठरलेला असतो. मृग तोंडावर आला आणि ज्याच्या जोडीतला एक बैल लंगडा झाला, त्याने कितीही घासाघीस केली तरी तो जास्तच पैसे मोजणार. ज्याच्या घरी कडब्याची गंजी आहे आणि जो बैल परत नेऊन आणखी महिनाभर पोसू शकतो, तो भाव पटला नाही तर कासरा धरून चालू लागतो. मग दलालच त्याच्या मागे धावतो. दोघांत फरक बोलण्याच्या हुशारीचा नाही. फरक घरच्या कडब्याचा आहे.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ साली वाटाघाटींवर एक पुस्तक लिहिले. ते जगभर गाजले. त्याचे एक सार असे, की वाटाघाटीतली तुमची ताकद तुमच्या मागणीवरून ठरत नाही, करार झाला नाही तर तुमच्या हाती जो चांगल्यात चांगला पर्याय उरतो त्यावरून ठरते. आपल्या भाषेत सांगायचे तर सौदा मोडला तर घरी काय? बैलबाजारातले शहाणपण विद्यापीठात पोहोचले, इतकेच. आम्हीही शेतकीची पदवी घेतली. पीक कसे वाढवावे हे आम्हाला चार वर्षे शिकवले. पिकलेले विकायला बसावे कसे, यावर एक तासही झाला नाही.

लालबाग-परळमध्ये काय घडले

१९८१ च्या ऑक्टोबरात दिवाळीच्या बोनसवरून गिरणगाव पेटले. कायद्याने मान्य असलेली युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. तिने केलेला करार कामगारांना पटला नाही. ते घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांच्या दारात गेले. सामंत पेशाने डॉक्टर. इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांनी कामगारांना मोठमोठ्या पगारवाढी मिळवून दिल्या होत्या. हा माणूस झुकत नाही, अशी त्यांची ख्याती होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी साठाच्या आसपास गिरण्यांतल्या सुमारे अडीच लाख कामगारांनी काम बंद केले. मागण्या रास्त होत्या. पगार वाढवा, वर्षानुवर्षे बदलीवर राबणाऱ्यांना कायम करा, रजा द्या, घरभाडे द्या. त्यांच्या सोबत आणखी एक मागणी होती. मजदूर संघाची मक्तेदारी संपवा आणि ती देणारा कायदा बदला.

पहिला महिना गेला, सहावा गेला, वर्ष उलटले. कामगार बिनतोड लढले. फितुरी त्यांनी केली नाही, आळस तर नाहीच. तरीही ते हरले. १९८३ उजाडल्यावर माणसे एकेकटी गिरणीच्या फाटकाशी जाऊ लागली. ज्यांना घेतले ते आत गेले, लाखाच्या आसपास लोक कायमचे बाहेर राहिले. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने १३ गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. १९८४ साली देशभर काँग्रेसची लाट असताना त्याच कामगारांनी सामंतांना लोकसभेवर निवडून दिले. म्हणजे माणसावरचा विश्वास शेवटपर्यंत होता. १६ जानेवारी १९९७ रोजी सामंतांचा भर रस्त्यात खून झाला. तो संप कोणीही, कधीही अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. कागदोपत्री तो चालूच आहे म्हणा ना. गिरण्यांच्या जागी मात्र टॉवर आणि मॉल उभे आहेत.

कोणी म्हणतो, सामंत हट्टी होते. कोणी म्हणतो, कामगार हावरे होते. दोन्ही उत्तरे आळशी आहेत. याच हट्टाने इंजिनिअरिंग कारखान्यांत विजय मिळवले होते. एका वावरात लागू पडलेली मात्रा दुसऱ्या वावरात का लागू पडली नाही, हे बघायचे तर आधी माती बघावी लागते. आम्ही ती चार प्रश्नांनी तपासतो.

प्रश्न पहिला : सही कोणाची?

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरणी धंद्यात मालकांशी करार करण्याचा हक्क एकट्या मान्यताप्राप्त युनियनला होता. अडीच लाख माणसे सामंतांच्या मागे होती, सही मात्र मजदूर संघाच्या हातात होती. मालक म्हणायचे, "आम्ही तुमच्याशी बोलू कसे? कायदा आडवा येतो." कायदा बदलणे सरकारच्या हाती. आणि मजदूर संघ तर सत्ताधारी काँग्रेसच्याच घरातला. सामंतांना मान्यता दिली तर उद्या दुसऱ्या धंद्यांतही हेच होईल, ही सरकारची भीती. त्यातच ज्या आठवड्यात संप सुरू झाला त्याच आठवड्यात मुख्यमंत्री बदलला. अंतुले गेले, बाबासाहेब भोसले आले. वर्षभराने तेही गेले आणि वसंतदादा पाटील आले.

पगारवाढ मालकाच्या हातातली आणि मान्यता सरकारच्या हातातली. दोन्ही एकाच दोराला बांधल्या गेल्या. मालक सरकारकडे बोट दाखवी, सरकार मालकाकडे. जो समोर बसला आहे त्याच्या खिशात जे नाही ते त्याच्याकडे मागितले, की त्याला हात वर करायला फुकटची सबब मिळते.

प्रश्न दुसरा : काम बंद पडले तर रोज कोणाचे किती जाते?

नफ्यात चाललेला इंजिनिअरिंग कारखाना एक दिवस बंद राहिला की मालकाचे लाखो रुपये बुडत. त्याला घाई होती, म्हणून तो झुकला. गिरणीचे तसे नव्हते. यंत्रे जुनी, गोदामात न विकलेले कापड पडलेले. शिवाय भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग होतेच. तिथे कमी मजुरीत कापड विणून घ्यायचे आणि आपला शिक्का मारून विकायचे. गिरणी बंद म्हणजे आपले नुकसान, असे बऱ्याच मालकांना वाटलेच नाही. पायाखालची जमीन तर दिवसेंदिवस महाग होत होती. पुढे १९९१ च्या नियमावलीने ती विकसित करायची वाट उघडली, तेव्हा बंद गिरणी चालू गिरणीपेक्षा मोलाची ठरली.

आणि कामगार? पहिल्या महिन्यात शिल्लक गेली, मग भांडी गेली, मग मंगळसूत्र. ज्याच्यामागे गावची थोडी शेती होती तो गावी गेला, भात-नाचणीवर तगला. गावागावांतून धान्य गोळा होऊन मुंबईला गेले. संप वर्षाच्या वर टिकला तो या गावच्या धान्यावर. पण हा पर्याय आधी मोजून, वाटून, उभा करून संप सुरू झाला नव्हता. भूक लागल्यावर धावाधाव झाली.

प्रश्न तिसरा : शेवटची रेघ कुठे?

पहिला आकडा मोठा सांगावा, हे खरे. बोलीची सुरुवात जिथे होते तिच्या आसपासच सौदा घुटमळतो. पण पहिल्या आकड्याच्या खाली दुसरी एक रेघ आपल्या मनात पक्की असली पाहिजे. इतके मिळाले तर घेऊन घरी जायचे, याच्या खाली मिळाले तर उठायचे. समोरच्यालाही अशीच रेघ असते. दोन रेघांच्या मध्ये जी पट्टी उरते तिथेच करार होतो. गिरणी संपात अशी पट्टी कुठे होती? एका बाजूला सर्व मागण्या, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मधल्या जागेचे नाव घेईल तो गद्दार.

प्रश्न चौथा : परतीचे दार आहे काय?

सरकारने इभ्रतीचा प्रश्न केला, नेत्यानेही केला. समोरच्याला मान राखून मागे फिरता येईल अशी फट कोणीच ठेवली नाही, आणि आपल्यालाही नाही. संप मागे घेण्याचा ठराव झाला नाही म्हणून कामगारांना एकत्र, रांगेने, आपल्या अटी सांगत परत जाता आले नाही. ते एकेकटे गेले. अडीच लाखांच्या मोर्चाला मालक घाबरतो. फाटकाशी मान खाली घालून उभ्या राहिलेल्या एकट्या माणसाला घाबरत नाही.

सेवाग्रामच्या म्हाताऱ्याने काय केले होते?

हेच चार प्रश्न दुसऱ्या एका गिरणी संपाला लावून बघा. सेवाग्रामला येऊन राहण्याच्या अठरा वर्षे आधीची गोष्ट. अहमदाबादला १९१७ साली प्लेग पसरला. कामगार शहर सोडून पळू नयेत म्हणून मालकांनी मोठा प्लेग बोनस दिला होता. साथ ओसरताच तो बंद करायचे ठरले. महागाई तर वाढलेली. कामगार म्हणाले, ५० टक्के वाढ द्या. मालक म्हणाले, २० टक्के. गांधीजी मध्ये पडले.

त्यांनी सभेत टाळ्या घेणारा आकडा काढला नाही. मुंबईचा पगार बघितला, गिरण्यांची स्थिती बघितली, कामगाराच्या घरखर्चाचा हिशेब केला आणि ३५ टक्के हा आकडा धरला. ५० मागणाऱ्यांना त्यांनी खाली आणले. ही सर्वांत अवघड गोष्ट. आपल्याच माणसांना 'एवढेच रास्त आहे' म्हणून सांगायला छाती लागते. मग ३५ च्या खाली कामावर जायचे नाही, अशी शपथ बाभळीच्या झाडाखाली रोजच्या सभेत पक्की केली. म्हणजे रेघ आखलेली होती आणि ती सर्वांना ठाऊक होती.

२२ फेब्रुवारी १९१८ ला मालकांनी टाळे ठोकले. दिवस जातील तशी चूल थंडावणार हे गांधीजींना दिसत होते. आश्रमात विणकामशाळेचे बांधकाम चालू होते. तिच्या पायात वाळू भरायचे काम संपकऱ्यांना दिले. अनसूयाबेन साराभाई स्वतः डोक्यावर टोपली घेऊन उभ्या राहिल्या. त्यांचे सख्खे भाऊ अंबालाल मालकांचे पुढारी! वाळूच्या टोपलीने हजारो लोकांचे पोट भरले असे आम्ही म्हणत नाही. पण नेत्याला प्रश्न कळला होता. सौदा मोडला तर घरी काय, याची सोय आपणच करायची असते.

तरीही कामगार डळमळू लागले. तेव्हा १५ मार्चला गांधीजींनी उपोषण सुरू केले. मालकांवर त्याचा दाब आला, आणि तो दोष होता, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. १८ मार्चला तोड निघाली. ती नीट बघा. पहिल्या दिवशी ३५ टक्के, म्हणजे कामगारांची शपथ पाळली गेली. दुसऱ्या दिवशी २० टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून साडेसत्तावीस, आणि पुढचा निकाल पंच आनंदशंकर ध्रुव देतील. दोघांचीही मान ताठ राहिली. पुढे पंचांनी निकाल दिला, ३५ टक्के! मालकाला दार ठेवले आणि मजुराने आपला आकडा घरी नेला.

अहमदाबाद लहान होते, काळ वेगळा होता, मालकांचे नफे युद्धामुळे तेजीत होते. हे सगळे खरे. मुंबईत गांधीजी असते तर जिंकले असते, असला दावा आम्ही करत नाही. आमचे म्हणणे इतकेच की तिथे चारही प्रश्नांची उत्तरे बसण्याआधी शोधली गेली. मुंबईत ती शेवटपर्यंत शोधली गेली नाहीत.

आणि आपण?

दुसऱ्याच्या संपाची चिरफाड करणे सोपे. आता आमची ऐका. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या आवारात कट्टीवरून आम्ही लिलाव बंद पाडला. क्विंटलमागे कापली जाणारी कट्टी बंद झालीच पाहिजे, ही मागणी रास्तच होती. घोषणा जोरात झाल्या. पहिला दिवस आपला. दुसऱ्या रात्री दव पडले. भाड्याने आणलेल्या गाड्यांचे थांबण्याचे भाडे चढू लागले. व्यापारी आपापल्या घरी जेवून झोपले होते, त्यांची खरेदी दुसऱ्या आवारात चालूच होती. तिसऱ्या पहाटे आपल्यातल्या एकाने गाडी मागच्या वाटेने काढली आणि खासगी जिनिंगवर पडत्या भावाने माल दिला. दुपारपर्यंत आवार रिकामे.

पुढच्या सभेत आम्ही माईकवरून त्या माणसाला फितूर म्हटले. महिनाभराने कळले की त्याने वेचणीच्या बायांची मजुरी थकवली होती आणि शनिवारी चुकती करण्याचा शब्द दिला होता. त्याने शब्द पाळला. आमचा लढा मोडला तो त्याच्यामुळे नाही. दव पडेल, भाडे चढेल, मजुरी मागायला बाया येतील, हे ठाऊक असूनही आम्ही ताडपत्रीची, भाड्याची, मजुरीची काहीच तजवीज न करता त्याला उभे केले होते. आम्ही त्याच्या अंगणात जाऊन चूक कबूल केली. इथे छापूनही करतो. उपाशी माणसाला फितूर म्हणणारा पुढारी स्वतःच्या आळसावर पांघरूण घालत असतो.

तीन टेबले, तीन खिसे

कापसाच्या भावाचे आपण एकच टेबल समजतो आणि व्यापाऱ्याच्या नावाने बोंब ठोकतो. टेबले तीन आहेत.

पहिले टेबल दिल्लीत. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये तिथे ठरला. त्याच दिल्लीने १९ ऑगस्ट २०२५ पासून रुईच्या आयातीवरचा ११ टक्के कर उठवला. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे त्या वर्षी ऐन आपल्या वेचणीच्या हंगामात परदेशी गाठींना दार मोकळे राहिले. एका हाताने हमीभाव वाढवायचा आणि दुसऱ्या हाताने बाजार पाडायचा! हिंगणघाटच्या व्यापाऱ्याचा लिलाव बंद पाडून असा कर लागत नाही. त्याच्या खिशात तो नाहीच. त्यासाठी खासदारांची दारे, आणि एका जिल्ह्याने नव्हे तर सगळ्या कापूस पट्ट्याने एकाच वेळी ठोठावलेली दारे.

दुसरे टेबल कापूस महामंडळाचे आणि राज्याचे. केंद्र कधी उघडणार, किती उघडणार, ओलावा कसा मोजणार, चुकारा किती दिवसांत मिळणार. आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, पुढे प्रत्येक टक्क्याला कपात, आणि बारा टक्क्यांच्या वर माल परत. केंद्र उशिरा उघडले की पहिल्या वेचणीचा माल व्यापाऱ्याच्या तोंडी जातो. म्हणून या टेबलावरची मागणी एकच आणि वेळेवर हवी. दिवाळीआधी केंद्र उघडा. ही मागणी भाद्रपदात करायची असते, दिवाळी झाल्यावर नाही.

तिसरे टेबल आवारातले. कट्टी, वजनकाटा, ओलाव्याचे यंत्र, प्रत लावणे, चुकाऱ्याचा दिवस. हे सगळे व्यापाऱ्याच्या आणि बाजार समितीच्या खिशातले. इथे त्यांना 'आमच्या हातात नाही' म्हणता येत नाही. इथे लढा म्हणजे इथेच जिंकता येते.

आपली रेघ कशी काढायची?

गांधीजींनी हिशेबाने ३५ काढले, तसा आपला आकडा आपल्याला काढता आला पाहिजे. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, उरलेली तूट. रुईचा भाव खंडीवर बोलतात आणि एक खंडी म्हणजे ३५६ किलो. समजा खंडी ५४,००० रुपये आहे. किलोला सुमारे १५२ रुपये झाले. ३४ किलोचे साधारण ५,१६० रुपये. सरकी ३४ रुपये किलो धरली तर ६४ किलोचे २,१७६. एकूण सुमारे ७,३३० रुपये. यातून जिनिंगचा, गाठ बांधण्याचा आणि वाहतुकीचा खर्च वजा करा. उरते ते व्यापाऱ्याच्या सौद्याचे वरचे टोक. त्याहून जास्त तो खुशीने देणार नाही. त्याच्या बरेच खाली बोलला तर तो आपल्याला खेळवतो आहे. हे गणित ज्याच्या डायरीत आहे तो लिलावात ओरडत नाही, आकड्यावर बोट ठेवतो. प्रत्येक गावात दर सोमवारी खंडीचा आणि सरकीचा भाव फळ्यावर लिहिला गेला पाहिजे. खडू आणि फळा, एवढाच खर्च.

घरचा कडबा

आता मूळ प्रश्न. सौदा मोडला तर घरी काय? कोरडवाहू माणसाचे उत्तर आज बहुतेक घरी 'काही नाही' असे आहे. घरातला कापूस वजनात घटतो, साठवून ठेवला की अंगाला खाज सुटते, हरभऱ्याच्या पेरणीला पैसा लागतो, मार्चअखेर पीककर्ज फिरवायचे असते. व्यापारी थांबू शकतो, आपण थांबू शकत नाही. तो हुशार आहे म्हणून जिंकत नाही, थांबू शकतो म्हणून जिंकतो. मग थांबण्याची ताकद उभी करणे हीच खरी चळवळ. ती चार कामांनी उभी राहते.

एक, ज्वारी. या जिल्ह्यात सोयाबीनच्या मागे लागून ज्वारी वावराबाहेर गेली. रानडुकरांचा आणि पाखरांचा त्रास आम्हालाही ठाऊक आहे. पण ज्या घरात वर्षाची ज्वारी आणि गुरांचा कडबा आहे ते घर दाणे विकत घ्यायला कापूस विकत नाही. एकरभर ज्वारी बाजारभावाने परवडते की नाही, हे आम्ही विचारत नाही. ती एकरभर ज्वारी उरलेल्या चार एकरांच्या कापसाला महिनाभर थांबवते, हा तिचा खरा भाव. चार-पाच घरांनी धुऱ्याला धुरा लावून एका पट्ट्यात पेरली तर राखण वाटून घेता येते.

दोन, तारण. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीन, तूर, हरभरा असा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळू शकते. जी समिती ही योजना राबवत नाही तिच्या सभापतीला जाब विचारा. हे तिसऱ्या टेबलावरचे, जिंकता येणारे काम. सोयाबीन तारण ठेवून वेचणीची मजुरी भागली तर कापूस दबावाखाली विकावा लागत नाही.

तीन, एकत्र ढीग. पहिल्या वेचणीचा कोरडा, स्वच्छ कापूस कवडीपासून वेगळा ठेवा. दहा घरांचा एका जातीचा, एका प्रतीचा माल एकत्र करा. मग भाव न पटल्यास मजुरी देऊन जिनिंग करून घेता येते, रुई आणि सरकी वेगळी विकता येते. दरवर्षी असे करावे लागणार नाही. आपण करू शकतो, हे समोरच्याला कळले की त्याची बोली बदलते.

चार, लढ्याचा डबा. लिलाव बंद पाडायचा असेल तर आधी ताडपत्री, गाडीभाड्याचा वाटा आणि वेचणीच्या बायांच्या मजुरीची उचल, या तिन्हींची रक्कम गावागणिक जमलेली पाहिजे. किती दिवस पुरेल तेवढेच दिवस लढा जाहीर करायचा. पाच दिवसांचे पैसे असतील तर पाच दिवस. सहाव्या दिवशी एकत्र जमून, ठराव करून, सर्वांनी मिळून फाटक उघडायचे. एकत्र घेतलेली माघार ही हार नसते, पुढच्या हंगामाची पेरणी असते. एकेकट्याने काढलेला पळ हीच खरी हार.

बैठकीत काय घेऊन याल?

कोणी म्हणेल, या सगळ्याने लढ्याचा जोर जाईल. आम्ही उलट म्हणतो. लालबाग-परळच्या अडीच लाखांत जोराची कमतरता नव्हती. एवढा जोर आपल्या साऱ्या जिल्ह्याने मिळूनही कधी लावलेला नाही. त्या माणसांचे उपकार आपल्यावर आहेत, कारण त्यांनी आपल्या संसाराची होळी करून दाखवून दिले की नुसत्या जोराने काय होत नाही. ते बघूनही आपण आकड्यावर टाळ्या वाजवत राहिलो तर त्यांचा संप दुसऱ्यांदा हरेल, या वेळी आपल्या आवारात.

म्हणून येत्या बैठकीला घोषणा कमी आणि कागद जास्त घेऊन या. आपल्या गावात किती घरांत सहा महिन्यांची ज्वारी आहे? किती घरांना दिवाळीच्या आत कापूस विकल्यावाचून गत्यंतर नाही? वेचणीची उचल देण्यासाठी गावात किती पैसा उभा राहू शकतो? या तीन आकड्यांची बेरीज झाली की भावाचा आकडा आम्ही तासभरात काढू. त्याआधी जो कोणी माईकवर उभा राहून बारा हजार म्हणेल, त्याला टाळी देऊ नका. त्याला उभ्या उभ्या एवढेच विचारा : "भाऊ, सौदा मोडला तर घरी काय?"